जठराग्नी आणि जंतू
(एका व्याख्यानाच्या निमित्ताने)

गेल्या चैत्रात काही घरगुती कामानिमित्त बऱ्हाणपुरास जाण्याचा योग आला. आमचे आतेबंधू अण्णा यांचा तेथे केळीचा व्यापार आहे. तापीकाठचे हे शहर मध्यप्रदेशात मोडत असले, तरी रावेरची हद्द ओलांडून आलेल्या माणसास आपण परप्रांतात आलो असे तेथे वाटत नाही. बाजारात खानदेशी बोली ऐकू येते, ओसरीवर मराठी पंचांग टांगलेले असते, आणि ताटात ज्वारीची भाकरी व अंबाडीची भाजी पडते. त्या आठवड्यात तेथील एका देवळात उत्सव चालू होता. महाप्रसादानंतर रात्री एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले. विषय होता : 'सर्व रोगांचे मूळ आतड्यात'.

व्याख्याते कोण आणि देऊळ कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नाही. हेच व्याख्यान अल्पस्वल्प फरकाने आज पुण्यात, मडगावात, मुंबईच्या उपनगरांत, कोठेही ऐकावयास मिळते. छापील पुस्तकांच्या रूपानेही ते घरोघर पोचले आहे. आता तो एक वाङ्मयप्रकारच झाला आहे, आणि वाङ्मयप्रकार म्हटला की त्याचे परीक्षण करणे क्रमप्राप्त ठरते. तथापि केवळ एवढ्याच कारणाने आम्ही लेखणी उचलली नसती. त्या रात्री आमच्या शेजारी अण्णा बसले होते. गेली चौदा वर्षे त्यांना मधुमेह आहे. व्याख्यान संपल्यावर घरी परतताना ते म्हणाले, "इतकी वर्षे उगाच गोळ्या गिळल्या. मूळ तर पोटात होते." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या. आम्हांस हे कळले ते दोन महिन्यांनी, त्यांच्या पायाची जखम भरेना तेव्हा.

प्रथम व्याख्यात्यांच्या पदरी जे पुण्य आहे ते मान्य केले पाहिजे. विषय सोपा करून सांगण्याची त्यांची हातोटी चांगली होती, आणि त्यांच्या मूळ सिद्धांतात तथ्य आहे. आपल्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतूंची एक मोठी वसाहत नांदते. आपण खातो त्यावर तिचे स्वरूप ठरते. आणि त्या वसाहतीची घडी बिघडली तर शरीरात मंद, न दिसणारा दाह धुमसू लागतो. मधुमेह, संधिवात, रक्तवाहिन्यांचे विकार यांच्याशी त्या दाहाचा संबंध आहे, हे आज जगभरच्या प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. एवढ्यावर ते थांबते, तर आम्ही टाळ्या वाजवून उठलो असतो.

पण अशा व्याख्यानांना थांबणे ठाऊक नसते. शरीरातील जंतू पेशींच्या दसपट असून त्यांचे वजन दोन किलो भरते, असे त्यांनी सांगितले. ही दसपट फार जुनी असून ऐकण्यास भव्य वाटते, म्हणूनच ती टिकून आहे. २०१६ साली हा हिशेब नव्याने मांडण्यात आला, तेव्हा पेशी सुमारे तीस लक्ष कोटी आणि जंतू सुमारे अडतीस लक्ष कोटी, म्हणजे जवळजवळ बरोबरीचे निघाले. वजन भरले सुमारे दोनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅमही थोडे नव्हेत. परंतु ज्याला दोनशेचे दोन हजार करून सांगावेसे वाटते, तो पुढे काय काय वाढवील याचा अंदाज श्रोत्याने तेथेच बांधावा.

खरा वाद सुरू होतो तो 'आपल्या पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते' या वाक्यापाशी. ते उच्चारताच सभामंडपात समाधानाची एक लहर उठली. आयुर्वेदाविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि त्या आदरापोटीच हे वाक्य आम्हांस खटकते. मंदावलेल्या अग्नीतून रोग उद्भवतात, न पचलेल्या अन्नरसाचा 'आम' होतो, ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान आहे, ही वाग्भट-चरकांची मांडणी आहे. शतकानुशतके रोगी तपासून, ताटाकडे व मळाकडे बारकाईने लक्ष देऊन बांधलेले ते एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यातील अग्नी म्हणजे जंतू नव्हेत आणि आम म्हणजे जंतूंचे विष नव्हे. दोन वेगळ्या भाषांतील शब्द ओढूनताणून एकमेकांवर बसविले, की दोन्ही भाषा बिघडतात. अनुवाद करणारा कोणीही हे सांगेल.

मौज अशी की, ज्या स्थळाचा आधार व्याख्यात्यांना खरोखर घेता आला असता, ते त्यांनी सोडूनच दिले. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगताना शरीराबरोबर उपजलेले 'सहज' कृमी त्या गणतीतून वगळलेले आहेत. आणि असे कृमी विकार उत्पन्न करणारे नसतात, असा खुलासा टीकाकार चक्रपाणिदत्ताने केला आहे. अंगात असूनही अपाय न करणारे जीव असतात, ही कल्पना त्या काळी सुचावी हे विलक्षण आहे. पण ग्रंथ तेथेच थांबतो. ते जीव काय खातात, काय करतात, याविषयी एक अक्षर नाही. तेव्हा त्या एका शब्दावर सात मजली इमारत चढविणे म्हणजे ग्रंथकाराचा गौरव नव्हे. त्याने संयमाने जे लिहिले नाही, ते त्याच्या नावावर खपविणे होय.

असा मोह केवळ आपल्याच लोकांना पडतो असेही नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉफ यांना १९०८ साली रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मोठे आतडे हा विषाचा साठा आहे, तेथील कुजण्याने माणूस लवकर म्हातारा होतो, आणि आंबट दुधातील जंतूंनी ती कुजण्याची क्रिया आवरते, असा सिद्धांत त्यांनी मांडला. सारे युरोप दही खाऊ लागले. मेच्निकॉफ स्वतःही आंबट दूध नेमाने घेत आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारले. त्याच सुमारास लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित शल्यवैद्य बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढीत असत. आज त्याच आतड्यास आपण आरोग्याचे माहेरघर म्हणू लागलो आहो. शंभर वर्षांत खलनायकाचा नायक झाला. सर्व रोगांना एकच मूळ शोधण्याची हौस मात्र तशीच राहिली.

आता खुद्द विषयाकडे वळू. आपल्या भाषेत 'चोथा' हा शब्द तुच्छतेने वापरला जातो. ऊस चोखून टाकला की उरतो तो चोथा. धान्याचे साल, भाजीचे देठ, डाळीचे फोलपट यांतील जो भाग आपल्या पाचकरसांना फुटत नाही, तो मोठ्या आतड्यात जसाच्या तसा उतरतो आणि तेथील जंतूंचे अन्न बनतो. भोजनापूर्वी गोग्रास बाजूस काढण्याची आपल्याकडे चाल आहे. हा तसाच एक न मागता पोचणारा वाटा म्हणावा. जंतू तो आंबवितात आणि त्यापासून काही सौम्य आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. अस्तर सुदृढ असेल तर जंतू आपल्या जागी व रक्त आपल्या जागी राहते. चोथा मिळेनासा झाला, की जंतू उपाशी राहत नाहीत. अस्तरावरील बुळबुळीत थर खाऊ लागतात. हे २०१६ साली उंदरांवरील प्रयोगात स्पष्ट दिसले. अतिस्निग्ध आहार दिलेल्या उंदरांच्या रक्तात जंतूंच्या बाह्य आवरणाचे कण वाढतात, त्यांमुळे दाह सुरू होतो आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, हे त्यापूर्वी २००७ मध्ये दाखविले गेले होते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, अशी शंका येथे कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. परंतु २०१५ साली एक मोठा बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस जण यांच्या आहाराची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांना मक्याच्या घाट्याचे व चोथ्याचे अन्न दिले, आफ्रिकनांना मांस-चरबीचे. अवघ्या चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यातील दाहाच्या खुणा उतरल्या आणि आफ्रिकनांच्या चढल्या. आहाराचा जंतूंवर आणि जंतूंचा दाहावर परिणाम होतो, यात शंका उरत नाही.

मग आक्षेप कशाला? आक्षेप आहे तो देव-दानवांच्या कथेला. सात्त्विक शाकाहाराने 'चांगले' जंतू पोसले जातात आणि मांस-मत्स्याहाराने 'वाईट', असे व्याख्यात्यांनी ठासून सांगितले. त्यांना दूर जाण्याची गरज नव्हती. त्यांच्याच प्रांताच्या राजधानीत या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील विनीत शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एकशे दहा निरोगी भारतीयांच्या आतड्यातील जंतूंची पाहणी प्रसिद्ध केली. एक गट मध्यभारतातला, प्रामुख्याने वनस्पतिजन्य आहार घेणारा. दुसरा केरळातला, मिश्राहारी. शाकाहाराकडे झुकलेल्या गटात 'प्रिव्होटेला' कुळातील जंतूंचे प्राबल्य आढळले. पण त्याच गटात काही विशिष्ट अमिनो आम्ले आणि दाह चेतविणारे आवरणद्रव्य निर्माण करण्याची जंतूंची क्षमताही अधिक दिसली. उलट अस्तरास पोसणारी सौम्य आम्ले बनविण्याची क्षमता केरळच्या मिश्राहारी गटात अधिक होती.

यावरून मासे खाणाऱ्या आमच्या कोकणी वाचकांनी लगेच विजयोत्सव करू नये. त्या दोन गटांत केवळ ताटच वेगळे नव्हते. पाणी, हवा, धान्य, सारेच वेगळे. शिवाय दोन्ही गट निरोगी होते. त्या अभ्यासाचे मोल निराळे आहे : चांगला जंतू व वाईट जंतू ही वाटणी तो मोडून काढतो. हाच प्रिव्होटेला स्वीडनमध्ये २०१५ साली सत्पात्र ठरला, कारण जवाची भाकरी खाल्ल्यावर ज्यांची रक्तशर्करा सुधारली त्यांच्या पोटात तो अधिक होता. त्याच्याच एका जातीचे न्यूयॉर्कमधील नव्या संधिवाताच्या रोग्यांत २०१३ मध्ये अतिरेकी प्रमाण आढळले. आणि डेन्मार्कच्या २०१६ च्या अभ्यासात तिचे नाव इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरांशी जोडले गेले. एकच पात्र तीन नाटकांत तीन भूमिका करते. त्याला राक्षस म्हणावे की ऋषी? ज्याने महाभारत वाचले आहे, त्याला हा प्रश्न अवघड वाटू नये. पण व्याख्यानात कर्णाला जागा नसते.

शाकाहाराच्या अभिमानाने आणखी एक गोष्ट झाकली जाते. बी-१२ हे जीवनसत्त्व सृष्टीत केवळ सूक्ष्मजंतूच बनवू शकतात. तेव्हा आपले जंतू ते आपल्याला पुरवितात, असे व्याख्यात्यांनी सांगितले. ते बनवितात, हे खरे. पण बनवितात मोठ्या आतड्यात, आणि ते शोषून घेण्याची सोय आहे त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी. विहीर शेताच्या खालच्या अंगास असावी तसे हे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व मुले यांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात गर्भवतींपैकी बहुसंख्य स्त्रियांत बी-१२ ची उणीव आढळली. आणि ज्या मातांत ही उणीव असून फोलेट मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत मंद दिसला. आपली बाळे वजनाने हलकी पण अंगी चरबी अधिक घेऊन जन्मतात, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. म्हणजे मधुमेहाची काही पाळेमुळे माणसाच्या पोटात अन्नाचा पहिला घास जाण्यापूर्वीच, आईच्या उदरात रुजलेली असतात. 'सर्व रोगांचे मूळ आतड्यात' या शीर्षकातील 'सर्व' हा शब्द येथे गळून पडतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांस मधुमेह असल्याचे दिसले. सर्व राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के. दर चौघांत एकाहून अधिक! हा आकडा या मासिकाच्या वाचकांनी देवळाच्या पंगतीत बसताना आठवून पाहावा. आमच्या आजीच्या काळी सकाळची न्याहारी म्हणजे उकड्या तांदळाची पेज असे. खतखत्यात किती प्रकारचे कंद, शेंगा व भाज्या पडत, हे मोजण्याचे कोणाच्या मनात येत नसे. आता अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, आठवड्याला तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातील जंतूंत विविधता अधिक, असे दिसल्यापासून लोक मोजू लागले आहेत. खतखते सणापुरते उरले, पेज आजाऱ्यापुरती. रोजच्या ताटात पांढरा भात, पाव आणि बिस्किट. ताट शाकाहारी आहे की मत्स्याहारी, हा वाद त्यापुढे दुय्यम आहे.

आणि एकादशीचे काय? बऱ्हाणपूरच्या त्या उत्सवात एकादशीच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीची पातेली रिकामी होताना आम्ही पाहिली. साबुदाणा आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे आपल्या कोणत्याही स्मृतिकारास तो ठाऊक असणे शक्य नव्हते. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, चोथा नावालाही नाही. जंतूंच्या दृष्टीने पाहता उपवास घडतो तो त्यांना, आपल्याला नव्हे. आणि हे घडते कोठे? ज्या जिल्ह्याच्या शिवारात दृष्टी पोचेल तेथवर केळीच्या बागा आहेत तेथे! कच्च्या केळ्यातील पिष्टाचा मोठा भाग लहान आतड्यात न पचता खाली उतरतो व जंतूंच्या मुखी पडतो. केळे पिकले की त्याच पिष्टाची साखर होते. पिकल्या केळ्याची शिकरण व कच्च्या केळ्याची भाजी या एकाच घडातल्या असूनही आतड्यास दोन निराळ्या वस्तू आहेत. इतका मोलाचा दाखला व्याख्यात्यांच्या उजव्या हाताशी, देवापुढे ठेवलेल्या घडाच्या रूपाने, लोंबत होता. त्याकडे त्यांची पाठ होती.

दही-ताकाविषयी ते जे बोलले त्यातील निम्मे टिकते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली छत्तीस निरोगी माणसांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. आंबविलेले पदार्थ खाणाऱ्या गटात जंतूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित एकोणीस प्रथिने उतरली. पण इडली, आंबोळी, ढोकळा यांनाही त्यांनी जिवंत जंतूंच्या यादीत बसविले, ते चुकले. पीठ आंबताना त्यात जंतू असतात. वाफेत किंवा तव्यावर ते मरतात. आंबविण्याचे इतर लाभ राहतात, जिवंतपणा राहत नाही. आणि त्याच प्रयोगात नुसता चोथा वाढविलेल्या गटाची विविधता त्या दहा आठवड्यांत वाढली नाही, हेही सांगावयास हवे होते. ज्याचे जंतू पिढ्यान्‌पिढ्या दुरावले, त्याला ते दोन महिन्यांत परत भेटतीलच असे नाही.

शेवटी गोळ्यांचा प्रश्न. मधुमेहाच्या रोग्यांना चोथ्याने समृद्ध आहार देऊन शांघायमध्ये लिपिंग झाओ यांनी जो प्रयोग केला आणि २०१८ साली प्रसिद्ध केला, तो या विषयावरील व्याख्यानांत हमखास येतो; त्या रात्रीही आला. रोग्यांची रक्तशर्करा खरोखरच अधिक सुधारली. पण प्रयोगातील दोन्ही गटांना मधुमेहाचे औषध चालूच होते. आहार औषधाच्या जोडीला होता, जागी नव्हता. एवढे एक वाक्य व्याख्यात्यांनी उच्चारले असते, तर अण्णांच्या पायाची गोष्ट निराळी झाली असती. ते वाक्य त्यांना ठाऊक नव्हते की सोयीचे नव्हते, हे आम्ही ठरवू शकत नाही. दोन्हीही प्रकारांत दोष तोच. उलट मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ उतरू शकते, तेव्हा शाकाहारी रोग्याने ते तपासून घ्यावे, असे काही त्यांनी सांगितले असते, तर ते सभेतल्या किती तरी जणांच्या उपयोगी पडले असते. परंतु त्याला टाळ्या पडल्या नसत्या.

श्रावणात आम्ही पुन्हा बऱ्हाणपुरास गेलो. अण्णांच्या पायाचे एक बोट गेले आहे. गोळ्या व इन्शुलिन दोन्ही चालू आहेत. ताटात कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, ताक होते. भाकरी दोनच, कारण ज्वारी झाली तरी शेवटी तिची साखरच होते, हे आता वहिनींनी पाठ केले आहे. कच्च्या केळ्याची भाजी अण्णांनी मागून घेतली. आयुष्यभर केळी विकली, पण ती पिकण्याची वाट पाहूनच खाल्ली, असे म्हणून ते हसले. वहिनींनी देवळाच्या विश्वस्तांकडे एकादशीला साबुदाण्याऐवजी कच्ची केळी, सुरण व वरी करावी अशी सूचना नेली होती. विश्वस्त नाही म्हणाले नाहीत. त्यांनी आचाऱ्यास बोलाविले. आचारी म्हणाला, "माई, साबुदाणा रात्री भिजवला की झाले. सातशे पानांची केळी सोलायला पहाटे चार वाजता बायका कोण पाठवणार?" वहिनींनी आपले व आणखी तिघींचे नाव लिहून दिले आहे.